आजून आठ दिस

सर बनियनवर टाय बांधत. खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, पाय अनवाणी, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि गळ्यात मात्र तिरप्या पट्ट्यांचा गडद निळा टाय. असा हा माणूस पडवीतल्या खुर्चीत ताठ बसून समोरच्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणाला 'मस्य' म्हणजे महाशय म्हणून फ्रेंचमध्ये विचारायचा, "मस्य, आमच्या देशात येऊन आपण काय करणार आहात?" वसईजवळच्या गिरीज गावातल्या लोकांच्या हे दृश्य इतकं अंगवळणी पडलं होतं की रस्त्याने जाणारा कुणी मान वळवूनही बघत नसे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि स्वतःच पदर तोंडाला लावला.

मी तेव्हा अकरावीत होते. लालबागची खोली विकून आम्ही नुकतेच वसई स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. फ्रेंच घेतलं की मार्क पडतात असं ऑफिसातल्या कुणीतरी बाबांच्या डोक्यात भरवलं होतं. कॉलेजात फ्रेंचच्या बाई होत्या, पण त्या मुख्यत्वे वेळापत्रकावरच भेटत. शेवटी आमच्या भाजीवालीने सांगितलं की गिरीजला एक वाडीवाले आहेत, ते शिकवतात फ्रेंच. आईला वाटलं, ही बाई काहीतरी भलतंच ऐकून आली.

पण ते खरं होतं. सर तरुणपणी आफ्रिकेत जिबुतीला एका फ्रेंच कंपनीच्या गोदामात कारकून होते. बंदरात उतरलेल्या मालाची मोजदाद करायची आणि फ्रेंच साहेबाच्या शिव्या खायच्या, असं ते काम. भाषा ते शिव्यांपासून शिकले आणि मग साहेबाच्या बायकोने त्यांना हौसेने व्याकरण शिकवलं. वडील वारले म्हणून रजेवर घरी आले ते पुन्हा गेले नाहीत. केळी, नारळ, थोडी पानवेल आणि फ्रेंच, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं.

या माणसाचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि तरीही आज फोनवर समोरून फ्रेंच आवाज आला की माझी जीभ त्यांच्याच तालात चालू लागते. त्याला माझा इलाज नाही.

त्यांच्याकडे फळा नव्हता. शिकवणी वाडीत चालायची आणि तीही पाणी शिंपायच्या वेळेला. विहिरीवरचा पंप सुरू झाला की पाणी पाटाने यायचं आणि केळीच्या एका आळ्यात शिरायचं. आळं भरलं की सर फावड्याने मातीचा बांध फोडून ते पुढच्या आळ्यात सोडत. आम्ही पाच-सहा मुलं पाटाच्या कडेने उभी. एक आळं भरेपर्यंत एक क्रियापद पुरं झालं पाहिजे, 'मी'पासून 'ते'पर्यंत. "ज व्हे पार्तीर. त्यु व्हा पार्तीर. इल व्हा पार्तीर. नूझालों पार्तीर. वूझाले पार्तीर. इल व्हों पार्तीर." मी निघणार आहे, तू निघणार आहेस, तो निघणार आहे, असं सगळं गाव निघेपर्यंत. पाणी आपल्या आधी पुढे गेलं तर चपला काढून त्या भरल्या आळ्यात उभं राहायचं. पहिले काही महिने मी रोज घोट्यापर्यंत चिखल घेऊन घरी जायची आणि आई विचारायची, शिकायला जातेस की लावणीला?

एरवी सर आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण पाणी पुढे पळालं की त्यांची घरची बोली बाहेर पडे. "पानी फुडं गेला गो! तुजा 'आमी' आजून र्‍हायलाय!" असं ते फावडं आपटून ओरडत. पंप बंद पडला की मात्र त्याला ते फ्रेंचमध्ये शिव्या देत. त्या शिव्यांचे अर्थ मला पुढे नोकरीत कळले आणि मी हेडफोन लावल्या लावल्या एकटीच लाजले.

त्यांचा एक हट्ट होता. भूतकाळ ते शिकवत नसत. "झालेलं सांगायला गावात माणसं कमी आहेत का?" म्हणत. लांबचा भविष्यकाळही नाही. "मी करीन, आम्ही करू, हे निवडणुकीला उभं राहणाऱ्यांचं. आपण जवळचं बोलायचं. हा उठलो, हा निघालो, हे आता करणार." फ्रेंचमध्ये हे जवळचं भविष्य 'जाणे' या क्रियापदाला धरून बोलतात, आणि सरांना त्याचं भारी कौतुक होतं. फ्रेंच माणूस जेवायला जातो, झोपायला जातो, मरायलाही जातो. जागचा उठल्याशिवाय काही होत नाही हे त्या लोकांना भाषेतच कळलंय, असं ते आम्हाला बजावून सांगत. परीक्षेत भूतकाळ यायचाच. तो आम्ही बसस्टॉपवर एकमेकांना शिकवला.

आमच्यासारखी मार्कांसाठी येणारी मुलं त्यांच्या लेखी किरकोळ होती. त्यांचे खरे विद्यार्थी मोठे होते. कॅनडाच्या फ्रेंच भागात स्थायिक व्हायला निघालेले फिटर, नर्स, हिशेबनीस, नवराबायकोच्या जोड्या. तिकडच्या सरकारचा अधिकारी मुंबईत येऊन मुलाखत घेतो आणि ती फ्रेंचमध्ये द्यावी लागते. त्या मुलाखतीची तालीम सर घ्यायचे. तो टाय त्यासाठीच असायचा.

तालमीचे नियम कडक होते. मुलाखतीला जे कपडे घालणार तेच घालून यायचं, बूटसुद्धा तेच. रस्त्यावरून फाटक उघडून आत यायचं, पडवीच्या खांबावर टकटक करायचं, सर "आँत्रे" म्हणाले की आत येऊन बसायचं. मग सर विचारणार आणि आपण फ्रेंचमध्ये उत्तरं देणार. मराठीचा एक शब्द आला तर मुलाखत पहिल्यापासून. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे सर "मेर्सी, से तू" म्हणेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. आभारी आहे, एवढंच, असा त्याचा अर्थ. एकदा तुळिंजचा एक वेल्डर तहान लागली म्हणून मध्येच उठला. सरांनी टाय काढून खुंटीला लावला आणि त्याला सांगितलं, घरी जा, तुझं काही होणार नाही. खरंच झालं नाही. तेव्हापासून लोक त्या दोन शब्दांना अंगारा-धुपाऱ्यासारखं मानू लागले. सर 'से तू' म्हणाले म्हणजे व्हिसा लागलाच, अशी ख्याती पार विरारपर्यंत पोचली होती.

तयारी कमी वाटली तर सर फक्त एवढंच म्हणायचे, "आजून आठ दिस."

हे वाक्य मूळचं सुकेळ्यांचं. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात ती सुकेळी. थंडीच्या दिवसांत सरांच्या अंगणात बांबूच्या मांडवावर ती ओळीने पसरलेली असत, आणि सर शिकवता शिकवता उठून एकेक केळं दोन बोटांत दाबून बघत. दाबलं, हुंगलं, परत ठेवलं, "आजून आठ दिस." मग तोच हात चड्डीला पुसून समोरच्या फिटरकडे वळत आणि त्यालाही तेच सांगत. माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा ते एकदाच, फार तर दोनदा म्हणायला लागायचं. मला तर एकदाही नाही. पुढे कॉलेज संपून मला मालाडच्या कॉल सेंटरातून बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी माझी अर्धा तास तालीम घेतली आणि हसून म्हणाले, "मेर्सी, से तू. जा, नोकरी तुझीच." मी हवेत तरंगत घरी गेले. परक्याला निरोप देणं त्यांना फार सुंदर जमायचं.

त्यांची मुलगी वनिता. बायको ती लहान असतानाच गेलेली, दुसरं मूल नाही. मी शिकायला लागले तेव्हा ती नुकतीच नर्स होऊन वांद्र्याच्या एका हॉस्पिटलात लागली होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात असे. आमच्यापैकी कुणी पाटाशी अडखळलं की उरलेलं क्रियापद आतून, भाकरी थापता थापता, एका दमात यायचं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून कानावर पडून पडून तिची फ्रेंच अशी झाली होती की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं बाई तिकडचीच आहे. आज माझं पोट या भाषेवर चालतं, म्हणून अधिकाराने सांगते, वनिताताईची फ्रेंच सरांपेक्षा चांगली होती. मला वाटतं हे सरांना सगळ्यांत आधी कळलं असावं.

तिलाही जायचं होतं. तिच्याबरोबरच्या दोघीजणी मॉन्ट्रियलला गेल्या होत्या. तिकडे नर्स हव्या होत्या आणि फ्रेंच बोलणाऱ्या नर्स तर हव्याच होत्या. तिने सरांना न विचारता अर्ज केला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ते त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "अप्पा, माझी तालीम घ्या." ही तिची चूक, असं कुणी म्हणेल. पण त्या घरात राहून दुसरं काही तिला सुचलंच नसतं. वसईत ज्याला जायचंय तो अप्पांकडून 'से तू' ऐकून जातो. त्यांच्या मुलीने ते न ऐकता कसं जायचं?

ती पहिली तालीम मी पाहिली. मी तेव्हा नोकरीला लागले होते, तरी अधूनमधून उच्चार घासून घ्यायला जात असे. वनिताताई फिकट गुलाबी साडी नेसून, नवे काळे बूट घालून मागच्या दाराने बाहेर पडली, रस्त्याने वळसा घालून फाटकातून आत आली आणि तिने खांबावर टकटक केलं. सरांनी टाय सारखा केला. "आँत्रे, माद्म्वाझेल." ती खुर्चीत बसली. शिक्षण, नोकरी, कॅनडातलं हवामान, तिथे काय करणार, कुठे राहणार, सगळं झालं. ती पाटातल्या पाण्यासारखी बोलत होती. मग सरांनी विचारलं, "तुम्ही गेल्यावर तुमच्या वडिलांना कोण बघणार आहे?"

ती थांबली. सरांनी घड्याळात पाहिलं. ती म्हणाली, माझी काकू शेजारीच राहते, ती बघणार आहे. वाक्य अगदी बिनचूक होतं, पण तिचा आवाज हलला. सरांनी टाय सैल केला. "आजून आठ दिस."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, हा प्रश्न तुम्ही आम्हाला कुणालाच कधी विचारला नाहीत."

"अधिकारी वाट्टेल ते विचारतो," ते पुस्तकी मराठीत म्हणाले. "तिथे गप्प बसली तर?"

वनिताताईने कळवून तारीख पुढे ढकलून घेतली. तशी मुभा एकदाच मिळते.

मधल्या काळात त्यांच्या आठ दिवसांना अंत नव्हता. तिने केस कापले, आठ दिस. तिने काकूला बोलावून आणून सरांसमोर उभं केलं आणि काकू म्हणाली, "मी बगीन रं तुला, जाऊ दे पोरीला." तरी आठ दिस. हॉस्पिटलातून दमून आल्यावर ती बूट न काढता तशीच खुर्चीत जाऊन बसे आणि म्हणे, "विचारा." सर टाय बांधत. सगळी उत्तरं घेत. आणि शेवटी तोच प्रश्न. ती कधी रडवेली होई, कधी चिडून फटकन उत्तर देई, आणि सर दोन्ही वेळा मान हलवत. हळूहळू तिच्या मनात बसलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. एवढी आयसीयू सांभाळणारी बाई मला विचारायची, "माझं खरंच कच्चं वाटतं का गं?" मी तिला शपथेवर सांगायची की नाही. पण माझं 'नाही' तिच्या काय कामाचं? 'से तू' म्हणायचा हक्क एकट्या त्यांच्याकडे होता.

त्याच थंडीत एका दुपारी आम्ही तिघं केळी सोलत बसलो होतो. सर खुशीत होते. बोलता बोलता त्यांनी जिबुतीहून परत आल्याची गोष्ट काढली. वडिलांचे दिवस झाले, बोटीचं तिकीट हातात, बॅग भरलेली. "आई म्हनली, वाडीत केलीचे लोंगर लागलेत, तेवढं उतरवून जा. आजून आठ दिस थांब. मी थांबलो. लोंगर उतरवले. मंग आई म्हनली, सुकेली घाल, आजून आठ दिस." केळ्याची साल टोपलीत टाकत ते हसले. "ते आठ दिस आजून चाललेत."

वनिताताई सोलायची थांबली. "आन तुमाला जायाचं व्हतं?"

"जायाचं व्हतं म्हंजे? साहेबाची बायको माझ्यासाठी पुस्तकं ठेवून वाट बगत व्हती." त्यांनी हातातलं केळं सोलून घेतलं. मग म्हणाले, "आईला तरी दुसरा कोन व्हता?"

मला वाटलं, आता हा माणूस ऐकेल. स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आता तरी मुलीकडे वर मान करून बघेल. त्यांनी बघितलं नाही. सोललेली केळी सरळ ओळीत लावत राहिले.

मुलाखतीची दुसरी तारीख आली. वनिताताईने यावेळी तालीम मागितली नाही. मला म्हणाली, तू सोबत चल, मी एकटी गेले तर स्टेशनवरून परत येईन. मी रजा टाकली आणि सकाळी रिक्षा घेऊन गिरीजला फाटकाशी पोचले. ती तीच गुलाबी साडी नेसून, कागदांची पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरत होती. पडवीत सर बसलेले, बनियनवर टाय.

"आँत्रे, माद्म्वाझेल."

ती थबकली. माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. "पाच मिनिटं गं. तेवढंच त्यांच्या मनासारखं होईल." आणि परत पायऱ्या चढून, खांबावर टकटक करून खुर्चीत बसली.

इतकी सुंदर मुलाखत मी त्या पडवीत कधी ऐकली नव्हती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरांनी तो शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा ती त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाली की काकू त्यांना बघणार आहे, मी दर रविवारी फोन करणार आहे, आणि बस्तान बसलं की मी त्यांना तिकडे घेऊन जाणार आहे. मला वाटलं, आता 'से तू' म्हणतील. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. तिने परत उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

रिक्षावाला हॉर्न द्यायला लागला. मी फाटकातून हाक मारली, "वनिताताई, गाडी चुकेल." तिने ऐकलं. तिचा हात पिशवीच्या पट्ट्यावर होता. पण ती उठली नाही. ती सरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि सर तिच्याकडे बघत गप्प बसले होते. ना प्रश्न, ना 'से तू'. अंगणातलं ऊन सुकेळ्यांच्या मांडवावर चढलं. रिक्षावाला माझ्यावर करवादून निघून गेला. मी आत शिरले, पडवीच्या पायरीशी उभी राहून ओरडले, "ऊठ ना गं! कोण लागून गेलेत हे? बाप आहे तुझा, अधिकारी नव्हे!"

वनिताताई अगदी हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, सोडा ना."

सर म्हणाले, "आँ फ्रांसे, माद्म्वाझेल." फ्रेंचमध्ये.

नियमाप्रमाणे मराठी शब्द आला होता. मुलाखत पहिल्यापासून. आणि तिने, माझ्या देखत, साडीचा पदर सारखा केला आणि "बोंझूर, मस्य" म्हणून सुरुवात केली. मी पायरीवरच बसले. तिचा असा संताप आला होता मला, आणि त्यांचा तर गळाच धरावासा वाटत होता. मधल्या कुठल्याशा प्रश्नाला तिचा आवाज आपोआप बंद पडला. आता धावत सुटली असती तरी गाडी मिळून वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. सरांनी टाय काढला, खुंटीला लावला आणि उठून मांडवाशी गेले. एकेक केळं उलटं करायला लागले. एक त्यांच्या हातून मातीत पडलं, ते मी पाहिलं. त्याने माझा राग कमी झाला नाही.

"आजून आठ दिस," ते केळ्यांकडे बघत म्हणाले.

कॅनडावाल्यांनी तिची फाईल बंद केली. पुन्हा अर्ज करायचा तर वय वाढलेलं, आणि वनिताताईने तो केलाही नाही. पुढच्या वर्षी तिने वांद्र्याची नोकरी सोडली आणि सातिवलीच्या एका कारखान्यात दवाखाना सांभाळायला लागली. मशीनमध्ये सापडलेली बोटं बांधायची, टिटॅनसची सुई द्यायची, संध्याकाळी पाचला घरी. त्या सकाळबद्दल बाप-लेकीत कधी एक शब्दही निघाला नाही, असं काकू सांगायची. पण स्वयंपाकघरातून फ्रेंच यायची थांबली. मुलं पाटाशी अडखळली की अडखळूनच राहत.

तशी मुलंही कमी झाली. आजूबाजूच्या वाड्यांनी विहिरी टँकरवाल्यांना दिल्या होत्या. दिवसभर टँकर भरून नव्या इमारतींकडे जात. सरांनी आपली विहीर दिली नाही, पण जमिनीखालचं पाणी त्यांच्या कुंपणापाशी थांबणार थोडंच होतं? विहीर मचूळ झाली. केळीची पानं कडेने करपू लागली. तरी ते रोज पंप सुरू करून पाटाशी उभे राहत. कुणी नसलं तर स्वतःच क्रियापद म्हणत आळी भरायचे.

तिथेच त्यांना झटका आला. वनिताताई कामावरून आली तेव्हा पंप चालू होता आणि सर पाटात आडवे पडलेले, पाणी त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत होतं. दुसरी कुणी असती तर हातपाय गाळले असते. तिने काय करायचं ते सगळं केलं, कुणाचीतरी गाडी थांबवून हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर तिला म्हणाले, तुम्ही होतात म्हणून वाचले.

वाचले म्हणजे उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. मराठी, पुस्तकी आणि घरची, दोन्ही पुसून गेल्या. काही महिन्यांनी एकच वाक्य परत आलं, तेही फ्रेंच. "ज व्हे पार्तीर." मी निघणार आहे. भूक लागली तरी तेच, ओलं झालं तरी तेच. पण पुढे पुढे, वर्षं जायला लागली तशी, त्याचा अर्थ काकूसारख्या अक्षरशत्रू बाईलाही कळायला लागला. ती मला म्हणाली, "सुटायचं म्हनतो गो तो. देवानं न्यावं आता."

पण देवाचं काही चालू देईल तर ती वनिताताई कसली! तिने कारखाना सोडला. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, छातीत कफ साचला की काढायचा, आधी नळीवाटे आणि मग चमच्याने पेज. दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा तिने त्यांना ओढून आणलं. गावातली माणसं हात जोडायची, लेक असावी तर अशी. शहरातल्या हॉस्पिटलात असते तर कधीच गेले असते.

मी शेवटची गेले ती दिवाळीनंतरची संध्याकाळ होती. पडवीत खुर्चीच्या जागी लोखंडी कॉट. सर उशीला टेकवून बसवलेले, हातापायांच्या काड्या, पण स्वच्छ, दाढी केलेली, बनियन पांढरंशुभ्र. खुंटीवर टाय तसाच. वनिताताई त्यांना चमच्याने पेज भरवत होती. तिचे केस अर्धे पिकले होते. सरांनी मला ओळखलं असावं. डोळे हलले. तोंड वाकडं करून, सगळा जीव एकवटून ते म्हणाले, "ज व्हे पार्तीर."

वनिताताईने त्यांच्या हनुवटीवरचा ओघळ पुसला. दोन बोटांनी त्यांचा दंड दाबून पाहिला, मांस धरलंय की नाही ते बघायला. आणि म्हणाली, "आजून आठ दिस, अप्पा."

तिला मी बाजूला, विहिरीशी घेऊन गेले. म्हटलं, "ताई, खरं सांग. तू सूड उगवतेयस का?"

ती रागावली नाही. फक्त दमलेली दिसली. "सूड? त्यांच्या पाठीवर एक फोड दाखव मला. एक." मग विहिरीच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "त्यांनीच विचारलं होतं ना, कोण बघणार म्हणून. किती वेळा विचारलं! बघतेय."

ती कॉटकडे परतली, मी निघाले. तिन्हीसांजेला त्या रस्त्यावर आता टँकरांची रांग लागते, तिच्यातून वाट काढत बसस्टॉप गाठायचा होता. फाटकाची कडी लावताना आतून पुन्हा त्यांचा आवाज आला. ज व्हे पार्तीर. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आणि तिचं आठ दिस. मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. त्या पडवीतली मुलाखत कशी संपते ते मला माहीत होतं. ते दोन शब्द, 'से तू', आता तिने म्हणायचे होते. बराच वेळ मी वाट पाहिली. तिने पंप सुरू केल्याचा आवाज आला, आणि मग पाटातून पाणी जायला लागलं.